सेकंड शिफ्टचं दुसरं जेवण

धनेश सुरवसे ह्या माणसाला प्रेक्षकांनी कधी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, कारण मी विंगेच्या आतल्या बाजूची बाई.

भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांतले कामगार स्पर्धेसाठी नाटक बसवतात, तेव्हा पुरुषांच्या भूमिका कंपनीतल्या कंपनीत वाटल्या जातात आणि बाईच्या भूमिकेसाठी बाहेरून नटी आणतात. निदान आमच्या काळी तसं होतं. ती बाहेरून आणलेली नटी म्हणजे मी. कधी फिटरची आई झाले, कधी टर्नरची बायको. केस पांढरे व्हायला लागल्यावरही एका फोर्कलिफ्टवाल्याची प्रेयसी झाले आणि प्रेक्षकांनी ते सोसलं. सगळे मला नुसतं 'बाई' म्हणत, अजूनही म्हणतात. आता गुडघ्यांनी कायमची रजा घेतली आहे, तरी तालमीला जाते. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसते आणि कुणी विचारलं नसताना सूचना करते.

धनेश चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे. मूळचा लातूरकडचा. तरुणपणी भोसरीत दाटीवाटीच्या भाड्याच्या खोलीत राहिला, पुढे मोशीत स्वतःचा छोटा फ्लॅट घेतला. बायको रुपाली आणि कॉलेजात शिकणारी मुलगी दिव्या, एवढं घर. मेंटेनन्समध्ये त्यानं कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतलेली. दुपारी जायचं, मध्यरात्रीच्या आसपास कंपनीच्या बसनं परत यायचं. कारण एकच, सकाळच्या तालमी. आणि तालमीत त्याचं काम काय, तर प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा.

हे काम सोपं वाटतं. नाही. आमच्याकडे त्याच्या आधी एक प्रॉम्प्टर होता, त्याचं नाव नको. तो सबंध नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत खड्या आवाजात वाचायचा. दुसऱ्या अंकापर्यंत आमचे कान त्याला इतके सरावायचे की खरोखर अडलो तरी त्याचं ऐकू यायचं नाही. पावसात पत्र्याचा आवाज जसा थोड्या वेळानं ऐकू येईनासा होतो, तसं. धनेश तसा नव्हता. तो गप्प बसायचा. एकदा चिंचवडच्या थिएटरात, सुनेला घराबाहेर काढणारी सासू म्हणून मी दारात हात आडवा धरून उभी राहिले आणि पुढचं सगळं कोरं झालं. विंगेतून एकच शब्द आला, 'कंदील'. बस. कंदील म्हटल्यावर मला पुढचं पान आठवलं. त्या रात्री मला बक्षीस मिळालं. ते खरं तर त्या एका शब्दाचं होतं, पण शब्दाला बक्षीस देत नाहीत.

वर्षं गेली तसा धनेश रुंद झाला. हातपाय होते तेवढेच राहिले, पोट मात्र पुढे पुढे येत गेलं. स्टूल दोनदा बदलावं लागलं. त्याच्याच शिफ्टमधला जयदीप, काडीसारखा बारीक आणि जिभेनं तिखट, म्हणायचा की धनेशभाऊ विंगेत बसले की आपल्याला पडदा भाड्यानं आणायची गरज नाही. धनेश हसायचा. जाड माणसं आपल्यावरच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसतात, ते मी पुष्कळदा पाहिलं आहे, आणि मला ते कधीच आवडलेलं नाही.

गेल्या वर्षी निरंजननं नवं नाटक लिहिलं. निरंजन त्याच कंपनीत डिझाइनला, वयानं लहान, पण नाटकाच्या बाबतीत हट्टी. त्याच्या नाटकात एक बाप आहे. खाणीत पाय गमावलेल्या तरुण मुलाला तो पाठीवर घेतो आणि दारोदार फिरतो. 'ह्याला काम द्या, ह्याचे हात चांगले आहेत' म्हणत. दुसऱ्या अंकात रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बापानं मुलाला खरोखर पाठीवर वाहायचं असतं. मुलगा म्हणून जयदीप ठरला. बाप कोण, ह्यावर सगळे आपापल्या नावाची वाट बघत होते, तेव्हा निरंजननं विंगेकडे बोट केलं.

धनेशला वाटलं मस्करी चालली आहे. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, ह्यांना सांगा, माझ्या नादी लागू नका."

निरंजन म्हणाला की मला अभिनय केलेला थकवा नको, ह्या माणसाचा चेहरा पाहिजे. त्या दिवशी धनेश घरी गेला तो पायी. मोशीपर्यंत. बसला इतकी गर्दी नव्हती, पण त्याला म्हणे चालावंसं वाटलं. इतकी वर्षं लोकांची वाक्यं पाठ केलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःची वाक्यं मिळाली होती.

मग मे महिन्यात ते झालं. तालमीच्या हॉलचा जिना चढताना धनेशच्या हातात सेटचं लाकडी खोकं होतं. अर्ध्या जिन्यात तो थांबला, खोकं हळूच पायरीवर ठेवलं आणि भिंतीला टेकला. कपाळावर घाम. छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसलंय असं वाटतंय, म्हणाला. डाव्या हातात कळ. निरंजननं गाडी काढली, मी मागच्या सीटवर त्याचं डोकं धरून बसले. वाटेत तो एवढंच म्हणाला, "माझे वडील असेच गेले, बाई. पन्नाशीच्या आत. मी त्याच वयाला आलोय."

हृदयविकाराचा झटका नव्हता. पण तो दारापर्यंत येऊन गेला होता, असं म्हणता येईल. तपासण्या झाल्या. हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. स्टेंट बसवण्याइतकी नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही नाही. साखर काठावर, रक्तदाब काठाच्या पलीकडे. भोसरीतल्या त्या दवाखान्यात डॉक्टर मोनिका नावाची मुलगी आहे. मुलगीच म्हणते मी, तिच्या केसांत अजून एक पांढरा नाही. तिनं गोळ्या लिहून दिल्या, त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत असं बजावलं, आणि सांगितलं की दिवाळीच्या आधी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून पुन्हा तपासू. तोपर्यंत ओझं उचलायचं नाही.

"आणि नाटक?" धनेशनं विचारलं.

नाटकात काय करायचं असतं ते ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढला. माणूस पाठीवर घेऊन? तपासणी चांगली आली तर बघू. नाही आली तर नाही.

निरंजननं दुसरा बाप शोधून ठेवायला हवा होता. स्पर्धा डिसेंबरात. कुणीही शहाण्यानं तेच केलं असतं. पण तो म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबतो.

पुढच्या आठवड्यात आहार काय असावा ते समजून घ्यायला डॉक्टरांनी नवराबायकोला बोलावलं. रुपालीनं मला फोन केला, तुम्ही पण या, ते तुमच्यापुढं खोटं बोलत न्हाईत. म्हणून मी गेले.

डॉक्टर मोनिकानं आधी रुपालीचीही कंबर टेपनं मोजली. रुपाली लाजली, पण मोजू दिली. तीही चांगली पसरली होती. मग डॉक्टरांनी विचारलं की दिवसभरात काय काय खाता. रुपालीनं सांगायला सुरुवात केली, आणि मी शपथेवर सांगते, ते एखाद्या व्रताचं जेवण वाटत होतं. सकाळी पोहे नाहीतर उपमा. दुपारी ड्यूटीला जाताना दोन भाकरी, भाजी, वरण. रात्री आल्यावर पुन्हा तेवढंच, वर थोडा भात. तेल मोजून. तळण सणालाच. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एवढ्यानं एवढं वजन वाढत नाही, म्हणाल्या.

मी त्या कंपनीच्या कॅन्टीनला कितीतरी वेळा जेवले आहे. नाटकाच्या निमित्तानं दुपारी गेलं की सेकंड शिफ्टच्या पोरांबरोबर रात्री आठ वाजता ताट घ्यायचं. पोळ्या, दोन भाज्या, डाळ, भात, गुरुवारी गोड. म्हणून माझ्या तोंडून सहज निघून गेलं.

"अरे, आणि कॅन्टीनचं जेवण कुठं गेलं ह्याच्यात?"

धनेश टेबलावरच्या प्लास्टिकच्या हृदयाकडे बघत राहिला. रुपालीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तुमी कॅन्टीनला जेवता?"

त्यानं मान हलवली.

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनं," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्न करून रुपालीला भोसरीच्या खोलीवर आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याची सेकंड शिफ्ट. आठ वाजता सगळे जेवतात तसा तोही कॅन्टीनला जेवला. मध्यरात्री घरी आला तर नवी नवरी दोन ताटं झाकून, भिंतीला टेकून जागी. ती जेवली नव्हती. नवऱ्याच्या आधी कसं जेवायचं, अशा घरातून आलेली. तिनं विचारलं, भूक लागली असेल ना? त्याच्यानं 'जेवून आलो' म्हणवलं नाही. लई लागलीय, म्हणाला आणि जेवला. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाला. दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसलेली. मग काय, ज्याला पहिल्या दिवशी सांगता आलं नाही त्याला नंतर कसं सांगता येणार? मुलगी झाली, फ्लॅट झाला, मुलगी कॉलेजला गेली, आणि हा माणूस रोज आठ वाजता पोटभर जेवून मध्यरात्री पुन्हा भुकेला होत राहिला.

आता हसू येतं. तिथे आलं नाही, कारण रुपालीचे डोळे भरले होते. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे म्या घास घास वाढून तुमच्या छातीत साठवला."

डॉक्टर मोनिका वयानं लहान असली तरी शहाणी. ती म्हणाली की दोष शोधायचा नाही, यंत्र समजून घ्यायचं. धनेशकाका, तुम्ही मेंटेनन्सचे, तुम्हाला पटकन कळेल. मग तिनं जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहिते.

आपल्याला वाटतं की चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेलं धान्य. पडून असते, काही करत नाही. तसं नाही. चरबी हे शरीराचं बोलणारं अंग आहे. त्यातून संप्रेरकं निघतात, म्हणजे रक्तातून दूरवर पाठवलेले निरोप. त्यातला एक निरोप आहे लेप्टिन. तो मेंदूला सांगतो की साठा भरपूर आहे, आता खाणं आवर. चरबी जितकी जास्त तितकं लेप्टिन जास्त.

"मग माझ्यात तर लई असंल," धनेश म्हणाला.

"भरपूर आहे. पण मेंदूला ऐकू येईनासं झालंय. इतकी वर्षं, इतका सतत निरोप, की मेंदू त्याच्याकडे लक्षच देत नाही."

धनेश सरळ बसला. त्या दिवसात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं. "बाई," तो मला म्हणाला, "हा आपला जुना प्रॉम्प्टर की. सबंध नाटक खड्या आवाजात वाचणारा."

डॉक्टरांना ती गोष्ट सांगावी लागली. त्यांना ती इतकी आवडली की पुढचं त्यांनी नाटकाच्याच भाषेत सांगितलं. दुसरं एक संप्रेरक आहे, अॅडिपोनेक्टिन. तेही चरबीतूनच येतं, पण त्याचं काम राखणीचं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंती नीट ठेवायला ते मदत करतं, साखर जागच्या जागी पोचवायला हात लावतं. गंमत अशी की पोटाच्या आतली चरबी वाढते तसं हे कमी होत जातं. मी म्हटलं, विंगेत बघ्यांची गर्दी झाली की पडदा ओढणारा कामाचा माणूस बाहेर ढकलला जातो, तसं? अगदी तसं, त्या म्हणाल्या, आणि वर ती गर्दी विड्या ओढते, म्हणजे ती जास्तीची चरबी रक्तवाहिन्यांना सूज आणणारी रसायनंही सोडत राहते. एवढ्याच कारणानं हृदय बिघडतं असं नाही, वडिलांकडून आलेलं असतं, रक्तदाब असतो, तंबाखू असते. पण ही गर्दी कमी करणं आपल्या हातात आहे. ती कमी झाली की राखणदार परत येतो. आणि त्या जुन्या प्रॉम्प्टरला मोठ्यानं बोलावं लागत नाही.

बाहेर आलो तेव्हा धनेश गोळ्या आणायला गेला. आम्ही दोघी आवारातल्या बाकावर बसलो. रुपाली कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग खाली बघून म्हणाली, "बाई, मी पण जेवते."

मला कळेना.

"आठ वाजता. दिव्याबरोबर. ती लहान होती तेव्हा एकटी जेवायची न्हाई, रडायची. मग तिच्यासंगं मी पण जेवायची. आणि हे आले की पुन्हा ह्यांच्यासंगं. ह्यांना एकट्याला जेवायला लावायचं मला बरं वाटंना. ह्यांना वाटतं मी उपाशी बसती. लग्नानंतर दोन-तीन वर्षंच बसले असंन खरी उपाशी."

साऱ्या आयुष्यात मी इतका बेतलेला प्रवेश कुठल्या लेखकाकडून ऐकला नव्हता, आणि हा कुणी लिहिलेला नव्हता. एका घरात दोन माणसं रोज मध्यरात्री भरल्या पोटी समोरासमोर बसून, एकमेकांना भुकेचा अभिनय करून दाखवत होती. दोघांनाही समोरच्याचा अभिनय खरा वाटत होता.

मी म्हटलं, "हे मला का सांगतेस? तो बघ येतोय."

तिनं सांगितलं. धनेश औषधाची पिशवी हातात धरून ऐकत उभा राहिला. मग बाकावर तिच्या शेजारी बसला.

"रुपाली," तो म्हणाला, "तू लई चांगली नटी हायस गं."

"तुमच्यापेक्षा बरी," ती म्हणाली, आणि तेव्हा आम्ही तिघंही हसलो, इतके की रखवालदार बघायला आला.

त्यानंतर त्यांनी घराची रीत बदलली. आठ वाजता तो कॅन्टीनला जेवणार, पण भात दुसऱ्यांदा नाही आणि गुरुवारचं गोड जयदीपच्या ताटात. त्याच वेळी इकडे रुपाली दिव्याबरोबर जेवणार. आणि तो घरी आल्यावर? ती वेळ मोकळी कशी सोडायची, हा खरा पेच होता. इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं, भांडण, मुलीच्या शाळेच्या चर्चा, सगळं त्या दुसऱ्या ताटावरच झालेलं. ताट काढून घेतलं तर दोघांनी बसायचं कशापुढे? रुपालीनंच तोड काढली. जिऱ्याचं गरम पाणी दोन पेल्यांत, आणि मध्ये नाटकाची संहिता. ती वाचणार, तो वाक्यं म्हणणार. तो अडला की ती सांगणार. पहिले काही दिवस ती पूर्ण वाक्य वाचायची. धनेशनं तिला शिकवलं की तसं नाही, एकच शब्द दे, आणि तोही मी खरंच हरवल्यावर.

सकाळी दोघं चालायला जाऊ लागली, इंद्रायणीच्या पुलाकडे. सुरुवातीला अर्ध्या वाटेतून परत, हळूहळू पुलापर्यंत. वजन उतरू लागलं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं म्हणून तो पट्टा घेऊन तालमीला आला आणि सगळ्यांना दाखवला. जयदीप म्हणाला, आता पडदा भाड्यानं आणावा लागणार.

पण हे सरळ झालं असं समजू नका. पावसाळा सरता सरता गाडी अडली. वजनाचा काटा हलेना, आणि भूक अशी लागू लागली की धनेश चिडचिडा झाला. एकदा तालमीत त्यानं जयदीपला उगाच झापलं. दुसऱ्या दिवशी मला एकटीला गाठून म्हणाला, "काल कॅन्टीनला तीनदा भात घेतला, बाई. माझ्यानं न्हाई होत. माझ्या अंगातच नाही ते. निरंजनला सांगा, दुसरा बाप बघा." त्याचा आवाज रडवेला नव्हता. ठरवून आलेल्या माणसाचा होता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मी निरंजनला काही सांगितलं नाही. धनेशला घेऊन डॉक्टर मोनिकाकडे गेले. तिला आश्चर्य वाटलं नाही. ती म्हणाली, हे होणारच होतं आणि मी आधी सांगायला हवं होतं. चरबी कमी झाली तसं लेप्टिनही खाली आलं. खड्या आवाजात वाचणारा प्रॉम्प्टर एकदम कुजबुजायला लागला, तर मेंदूला काय वाटेल? की विंगेत कुणीच नाही. दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवतो आणि खर्च आखडता घेतो. शरीराला कॅन्टीन माहीत नाही, त्याला दुष्काळ माहीत आहे.

धनेश म्हणाला की माझा आजा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचा. रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाऊन जगली सगळी.

"ह्या यंत्रानंच जगली," डॉक्टर म्हणाल्या. "ते बिघडलेलं नाही. ते तुम्हाला वाचवायला बघतंय, फक्त त्याला काळ बदललाय हे ठाऊक नाही. तुमच्यात इच्छा कमी आहे असा त्याचा अर्थ नाही, काका. थोडे दिवस टिकून राहा. वजन तिथेच थांबलं तरी चालेल, वाढू देऊ नका. चालणं सोडू नका."

मला वाटतं, 'इच्छा कमी आहे असा अर्थ नाही' ह्या एका वाक्यानं गोळ्यांइतकंच काम केलं. सगळ्या आयुष्यात त्याला लोकांनी, आणि त्यानं स्वतःला, हावरा मानलं होतं. ते ओझं खोक्यापेक्षा जड होतं. परतताना रिक्षात तो बाहेर बघत म्हणाला, "आज्याचं यंत्र हाय म्हणायचं." निरंजनचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही.

दिवाळीच्या आधी तपासणी झाली. तो पट्ट्यावर चालत असताना काचेबाहेर आम्ही तिघं उभे, रुपाली, निरंजन आणि मी. पट्ट्याचा वेग वाढला, चढ वाढला. धनेशचा शर्ट भिजला, पण चेहरा वाकडा झाला नाही आणि हात छातीकडे गेला नाही. डॉक्टर मोनिकानं कागदाची लांब पट्टी दोनदा पाहिली. साखर काठाच्या आत आली होती, रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात. अरुंद झालेली वाहिनी जादूनं रुंद होत नसते, गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, असं तिनं स्पष्ट सांगितलं. पण नाटक करा, म्हणाली. तालमीत आधी हलकं ओझं, मग वाढवत न्या, आणि छातीत काही वाटलं तर तिथेच थांबायचं, प्रेक्षक असोत की नसोत. जाता जाता म्हणाली, "त्या जयदीपला सांगा, गुरुवारचं गोड आता बंद. पाठीवर घ्यायचाय त्याला."

डिसेंबरात चिंचवडला प्रयोग झाला. संध्याकाळचा. मी पहिल्या रांगेत. विंगेतल्या स्टुलावर कोण बसणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. रुपाली बसली. संहिता तिला त्याच्याइतकी पाठ होती.

दुसरा अंक. धनेशनं जयदीपला पाठीवर घेतलं. पहिलं दार, दुसरं दार. हात पसरून काम मागणं. त्याच्या आवाजात काही विशेष नव्हतं, आणि तेच विशेष होतं. आपल्या शेजारचा माणूस बोलावा तसं. रंगमंचाच्या मधोमध आला आणि थांबला.

थांबायची जागा ती नव्हती. मला संहिता माहीत आहे. तो उभा, पाय रोवून, मान खाली, श्वास चालू. सभागृह इतकं शांत की पंख्याचा आवाज यावा. प्रेक्षकांना वाटलं, काय सुरेख थांबलाय. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मला जिना दिसत होता. भिंतीला टेकलेला माणूस दिसत होता. उठून ओरडावं का, एवढंच डोक्यात.

विंगेतून एक शब्द आला. पहिल्या रांगेत बसून मला तो जेमतेम ऐकू आला. 'हात.'

धनेशनं मान वर केली. "ह्याचे हात बघा," तो म्हणाला, "पाय नका बघू." आणि चालू लागला. तिसऱ्या दारापर्यंत.

पडदा पडल्यावर मी गुडघे विसरून विंगेत गेले. छातीत काही झालं का, विचारलं.

"न्हाई बाई. वाक्य गेलं. सगळ्यांची वाक्यं येत होती, माझंच गेलं." तो खूष दिसत होता. "पण ऐकू आलं."

नाटकाला बक्षीस मिळालं ते नेपथ्याला, तिसरं. निरंजन दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

पण त्या संध्याकाळचं मला जे राहिलं ते मेकअपच्या खोलीतलं. सगळे वड्यांच्या ताटाभोवती जमले होते. धनेशनं तोंड धुतलं, आणि एका कोपऱ्यात रुपालीनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मेथी, ठेचा. प्रयोगाच्या धास्तीनं त्यानं दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. तिनंही नाही. आठ कधीच वाजून गेले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच समजलं बहुतेक, कारण दोघंही लगेच जेवायला लागली. भरभर, खालमानेनं, बोलायला वेळ नसल्यासारखी. मी अभिनय ओळखते. तो नव्हता. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच दोघांना एकाच वेळी खरी भूक लागली होती.

दुसरी भाकरी संपत आली. रुपालीनं सवयीनं तिसरी उचलली आणि त्याच्याकडे नेली. धनेशनं डब्यावर हात आडवा धरला.

"पुरे," तो म्हणाला.

तिनं भाकरी हातात तशीच धरली. मग अर्धी मोडून मला दिली, आणि उरलेली फडक्यात बांधून ठेवली, सकाळसाठी.